खऱ्या वाक्यांची वही

७ जानेवारी

सूनबाई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे पत्र बाजूला ठेवणार, मला ठाऊक आहे. ठेव. पण केराच्या टोपलीत नको, कपाटात ठेव. कपाटातलं कधीतरी उघडलं जातं.

तर बातमी अशी की मी इंग्रजी शिकायला लागले आहे. हसलीस का? हसलीस तर बरंच झालं, अडीच वर्षांनी माझ्यामुळे हसलीस.

झालं काय, मागच्या रविवारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासूनच नाही. म्हणाला, जुलैत तुझं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे, तो फिरतीवर, आणि माझ्या नातीला, गुंडीला, ठेवायचं कुठे हा प्रश्न आहे. मी म्हटलं, प्रश्न कसला? माझ्याकडे. तो भलतंच काही सांगायला लागला. मी म्हटलं, अरे मुद्द्याचं बोल ना. तर म्हणाला, "आई, ती म्हणते, त्या तिच्याशी बोलणार कशात?"

आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. फोन ठेवून मी एका पँटची उंची दोनदा कमी केली. गिऱ्हाइकाला ती आता घोट्याच्या वर येते. पण मग विचार केला, विचारलंय ते बरोबरच विचारलंय. गुंडीला इंग्रजीच येतं, मला मराठीच येतं. तिला दुखलं खुपलं तर मला कळणार कसं? बरं, तू विचारलंस "कशात बोलणार?" "नकोच" असं तर म्हटलं नाहीस! दाराला फट आहे म्हणजे. मी शिवणारी बाई, फट दिसली की मला गप्प बसवत नाही.

वरच्या मजल्यावर टायपिस्टबाई राहतात, तुला आठवतील, जाड भिंगाच्या. चाळीस वर्षं कचेरीत साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप केली त्यांनी. त्या मला रोज दुपारी तासभर शिकवतात आणि मी त्यांचे कपडे सैल करून देते. दर महिन्याला सैल करावे लागतात, त्यामुळे शिकवणी बंद पडायची भीती नाही.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "म्हणा, द कॅट इज ऑन द टेबल."

मी म्हटलं, "माझ्याकडे मांजर नाही."

"अहो, उदाहरण आहे ते."

"उदाहरण असेल. पण नाही ते आहे कसं म्हणू?"

"चाळीस वर्षं मी साहेबांसाठी 'आपले पत्र वाचून आनंद झाला' असं टाइप केलं. साहेबांना एकदाही आनंद झाला नव्हता. काही बिघडलं का?"

पण मी ऐकलं नाही. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, आणि घरात असेल तेच वाक्य शिकणार. शेवटी त्यांनी हात टेकले. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य, बरं का: धिस इज माय मशीन. दुसरं, इट इज ओल्ड. तिसरं माझं मीच केलं: आय अ‍ॅम ओल्ड टू.

तुझी सासू

११ फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर नाही आलं. हरकत नाही, मी धरलंही नव्हतं. वही मात्र अर्धी भरली.

खऱ्या वाक्यांचा नियम टायपिस्टबाईंना आता आवडायला लागलाय, कबूल करत नाहीत एवढंच. परवा वाक्य होतं, टोपलीत तीन संत्री आहेत. टोपली होती, संत्री नव्हती. मी पिशवी घेतली, खाली जाऊन तीन संत्री आणली, टोपलीत ठेवली आणि म्हटलं, देअर आर थ्री ऑरेंजेस इन द बास्केट. बाईंनी बोलता बोलता एक सोलून खाल्लं. मग काय करणार? मी म्हटलं, नाऊ देअर आर टू. त्या म्हणाल्या, "अहो, हे मी शिकवलं नव्हतं!" मी म्हटलं, "खाल्लंत ना, तेव्हाच शिकवलंत."

दिवसभर मी हातातल्या कामाबरोबर बोलत असते. आय अ‍ॅम कटिंग. आय अ‍ॅम स्टिचिंग. आय अ‍ॅम लुकिंग फॉर माय ग्लासेस. द ग्लासेस आर ऑन माय हेड. दर शनिवारी कोटाचं अस्तर नाहीतर बाह्या घेऊन येणारे ते बँकेतले गृहस्थ आले होते, त्यांना मी म्हटलं, युवर कोट इज रेडी, सर. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला. "काकू, बरं वाटतंय ना?"

आता एक गोष्ट सांगते ती तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. मंगळवारी बाईंनी आजारपणाचं पान काढलं. ताप, उलटी, पोटदुखी, डॉक्टरला फोन. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, घरात कोणी आजारी नाही, खोटं वाक्य शिकायचं नाही असं ठरलंय.

बाई भिंगांवरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "उद्या पोरीला ताप भरला तर काय म्हणाल? थांब बाळा, टोपलीत दोन संत्री आहेत?"

मला बोलणं लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा एक झंपर तयार होता, तो द्यायला म्हणून वर गेले आणि तास पुन्हा सुरू झाला. पण ते पान तेवढं सोडून. का सोडलं ते मला सांगता येईना. फक्त नियमासाठी नव्हे, एवढं खरं.

तुझी सासू

९ मार्च

सूनबाई,

मला ताप आला! इतका आनंद मला ताप आल्याचा कधी झाला नव्हता. सकाळी अंग कसकसायला लागलं, घसा धरला, तशी मी जिन्यातूनच हाक मारली, "बाई, ते पान काढा!"

त्या धावत आल्या. मी पांघरुणात आणि त्या पायथ्याशी पुस्तक घेऊन. आय हॅव अ फीव्हर. माय थ्रोट हर्ट्स. आय वॉन्ट टू व्हॉमिट, म्हणजे तेवढं काही नव्हतं, पण बाई म्हणाल्या, आलीच आहे संधी तर जरा जवळपासचंही घेऊन ठेवा. व्हेअर डझ इट हर्ट? हिअर. अँड हिअर. खोकल्याची उबळ आली तरी वही सोडली नाही मी. डॉक्टर आले तर मी त्यांनाही इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, आजी, जीभ दाखवा, बोलू नका.

आता पुढचं लिहायला मी तीन दिवस घेतलेत.

दुपारी घसा इतका सुकला की आवाज फुटेना. बाईंनी विचारलं, काय हवंय, इंग्रजीत सांगा. शब्द मला येत होता. पाणी, एवढाच. पण तो वरही येईना आणि खालीही जाईना. मी नुसती ओठ हलवत राहिले. बाई गमतीने हसल्या. म्हणाल्या, "बोला की, अडलंय कुठे?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला असं वाटलं की भिंतीकडे तोंड करावं आणि पुन्हा कोणाकडे कधी काही मागू नये.

तेव्हा मला अडीच वर्षांपूर्वीची ती दुपार दिसली.

मी तुला त्या वेळी म्हटलं होतं, त्यात काय एवढं, मी काय वाईट बोलले? तू ते विसरली नाहीस आणि मीही नाही, फक्त मी विसरल्यासारखं केलं. खोलीत आठ-दहा पाहुणे होते. गुंडी पाच वर्षांची. माझ्यापाशी आली आणि पाणी मागायला लागली, इंग्रजीत, आणि पहिल्याच अक्षरावर अडली. अडली म्हणजे अडलीच. तुम्ही दोघांनी सांगितलेलं मला माहीत होतं, की ती उशिरा बोलायला लागली, की तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सध्या घरात एकच भाषा ठेवा म्हणून सांगितलंय, की अडली तर थांबायचं. मला ती सगळी नवी थेरं वाटत होती. मी मोठ्याने म्हटलं, "अगं बोल की! तोंडात गुळणी धरलीय का?" सगळे हसले. मीच आधी हसले.

ती गेली आणि मोरीतल्या बादलीत ओंजळ बुडवून पाणी प्यायली. तू ते पाहिलंस. मीही पाहिलं होतं. उरलेले नऊ दिवस तिने या घरात कोणाकडे काही मागितलं नाही, भूक लागली तरी नाही. मी म्हणाले, पोर हट्टी आहे.

हट्टी मी होते. हे वाक्य खरं आहे म्हणून वहीत लिहिलंय, मराठीतच.

तापातून आता बरी आहे.

तुझी सासू

२० एप्रिल

सूनबाई,

तू फोन गुंडीच्या हातात दिलास. का दिलास, पत्र वाचून की नवऱ्याने गळ घातली म्हणून, ते मी विचारत नाही. शेजारी उभी होतीस हे कळलं, तुझ्या बांगडीचा आवाज येत होता.

मी आठवडाभर तयारी केली होती. हॅलो, धिस इज युवर ग्रँडमदर. आय अ‍ॅम सिटिंग निअर द विंडो. खिडकीजवळ खुर्चीसुद्धा ओढून ठेवली होती. टायपिस्टबाई समोर स्टुलावर, वही गुडघ्यावर.

मी म्हटलं, व्हॉट आर यू डूइंग?

ती म्हणाली, "आय अ‍ॅम ड... ड... ड..." आणि थांबली.

मला वाटलं, आता काय असेल? मला ड वरून सुरू होणारे शब्द येतात ते दोन, डोअर आणि डॉग. दार करतेय का कुत्रा करतेय? काही जमेना. बाईंना मात्र कळलं होतं. त्या स्टुलावर वरखाली होत होत्या, शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. मी उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. भिंगं वाफाळली बिचारीची.

आणि मी थांबले. किती थांबले माहीत नाही. मग पलीकडून आलं, "ड्रॉइंग अ हॉर्स."

सूनबाई, मी शहाणी झाले म्हणून थांबले असं समजू नकोस. मला पुढचा शब्द येत नव्हता म्हणून थांबले. इतरांना सगळ्यांना येतो, म्हणून तिच्या आधी ते बोलून मोकळे होतात, आणि पोरीचं वाक्य तिच्या हातातून जातं. माझ्याकडून जाऊच शकत नाही. मग ती मला म्हणाली, व्हॉट आर यू डूइंग? आणि मी अडले. बटण लावतेय म्हणायचं होतं आणि लावण्याला शब्द सापडेना. आणि ती थांबली! सात-आठ वर्षांची पोर, माझ्यासाठी थांबली. आम्ही अकरा मिनिटं बोललो आणि त्यात वाक्यं झाली असतील सहा.

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "जगात एवढं सावकाश इंग्रजी कोणी बोललं नसेल." मी म्हटलं, "शिलाई बारीक असली की वेळ लागतो."

दर रविवारी दे फोन. एवढंच मागते.

तुझी सासू

२८ मे

सूनबाई,

तुझं पत्र आलं. मी ते मशीनवर ठेवलं, हात धुतले, मग उघडलं. एकच पान, वर आशीर्वाद-नमस्कार काही नाही आणि सरळ प्रश्न. मला आवडलं. चल, उत्तरं घे.

ताप आला तर काय कराल? डॉक्टर दोन घरं सोडून आहेत. इंग्रजीत गुंडीला विचारीन कुठे दुखतंय, मराठीत डॉक्टरांना सांगीन. तुला फोन करीन आधी.

रात्री घाबरली तर? आय अ‍ॅम हिअर, हे मला न अडता येतं. सराव केलाय.

तिला मराठी बोलायला लावाल का? नाही. ती आपणहून विचारेल तेवढं सांगीन.

आणि शेवटचा प्रश्न, ज्याच्याखाली तू दोन रेघा मारल्यास. चार लोकांसमोर ती अडली आणि लोक हसले, तर तुम्ही काय कराल?

यावर मी चार उत्तरं लिहून खोडली. छान छान होती. टायपिस्टबाईंनी एक इंग्रजीत टाइप करूनही दिलं, साहेबांना आवडलं असतं असं. पण खरं वाक्य एकच आहे: मला माहीत नाही. फोनवर थांबणं वेगळं. लोकांसमोर मला स्वतःची लाज वाटते, पोरीची वाटते, जीभ आधी चालते, आयुष्यभर तशीच चालली. मी तुला आत्ता वचन दिलं तर ते टेबलावरच्या मांजरासारखं होईल. मी प्रयत्न करीन आणि जे होईल ते तुला लिहीन, माझ्या विरुद्ध असलं तरी. मग तू ठरव, पुढे पाठवायचं की नाही.

खाली तू लिहिलंयस, पाठवलीच तर तिचे बाबा सोडतील आणि न्यायला तू येशील, पण घरी येणार नाही, कोपऱ्यावर थांबशील. बरं. कोपऱ्यापर्यंत मी सोडीन.

तुझी सासू

१४ जुलै

सूनबाई,

गुंडी आल्याला पाच दिवस झाले. फोनवर तू रोज ऐकतेसच, जेवते, झोपते, टायपिस्टबाईंच्या मशीनवर टकटक करते. पण आजचं मी तिला फोनवर सांगू दिलं नाही, म्हटलं हे मी लिहिणार. लिहीन म्हणून कबूल केलं होतं.

सकाळी आम्ही दोऱ्या-बटणांच्या दुकानात गेलो. मला पांढरा दोरा हवा होता. गुंडी म्हणाली, तिलाही काही घ्यायचंय, आणि ते तीच मागणार. दुकान अरुंद, आमच्या मागे पाच-सहा माणसं, त्यात ते बँकेतले गृहस्थही. दुकानदार तसा भला माणूस, थोडं इंग्रजी जाणतो. वाकून म्हणाला, "बोला छोट्या बाईसाहेब."

बटणांच्या डब्यांकडे बोट करून ती म्हणाली, "आय वॉन्ट द ब... ब... ब..."

"ब्लू?" त्याने निळ्यांचा डबा उघडला. तिने मान हलवली. "ब... ब..." "ब्लॅक? हे घे ब्लॅक." काळा डबा. "ब्राऊन! ब्राऊन असणार." एकावर एक डबे उघडे पडायला लागले. मागून कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, "अहो, द्या काहीतरी, आम्हाला उशीर होतोय." गुंडीची मान खाली जायला लागली. मी ओळखलं ती मान. आणि तुला खरं सांगते, माझ्या तोंडात आलं होतं, अगं चल, राहू दे, नंतर बघू. जिभेच्या टोकावर होतं.

मी काउंटरवर हात आपटला. बटणं उडाली.

"हात खाली घ्या," मी दुकानदाराला म्हटलं. "तिचं वाक्य चालू आहे."

"अहो काकू, मी मदतच..."

"मदत नको. ऐका. आणि तुम्ही," मी मागे वळले, "हसायचं असेल त्यांनी बाहेर जाऊन हसा. तुमचा नंबर आला की मीही थांबीन, तुम्ही काय तो दोरा मागेपर्यंत."

बँकेतले गृहस्थ म्हणाले, "सावकाश होऊ दे, काकू." त्यांना एकदा बाह्या लांब करून दिल्या होत्या, त्याचं चीज झालं.

दुकानदाराने डब्यांवरून हात काढून घेतले. मी गुंडीकडे बघितलं नाही, तिला बघितलेलं आवडत नाही हे मला पाच दिवसांत कळलंय, मी काळ्या बटणांकडे बघत राहिले. आणि ती म्हणाली, "बिग वन्स."

निळी नाहीत, काळी नाहीत, तपकिरी नाहीत. मोठी! दुकानदाराने कपाळावर हात मारला. "मोठी! अहो, मी रंगांतच बसलो!" आणि सगळे हसले, पण त्याला. सगळ्यात आधी गुंडी हसली.

दुकानातून घरापर्यंत ती बोलत होती. अडत होती आणि बोलत होती. एक वाक्य मला काही केल्या कळेना. कळल्यासारखं करून येस येस म्हणता आलं असतं, मोठी माणसं करतात तसं. पण मी म्हटलं, आय डिड नॉट अंडरस्टँड. से अगेन. तिने परत सांगितलं. परत कळलं नाही. रस्त्यात उभी राहून तिने तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, दोन्ही हातांनी आपल्या अंगावर कोटाचा आकार काढून, जरासुद्धा न वैतागता, मला समजावून.

ती बटणं तुझ्या निळ्या कोटासाठी आहेत. तुझी दोन तुटली आहेत म्हणे आणि तू पिन लावून चालवतेस.

सहा घेतलीत. दोनच लावली तर बाकीच्यांशी जुळणार नाहीत, सगळी बदलावी लागतील. तेव्हा गुंडीला न्यायला येशील तेव्हा तो कोट घेऊन ये. तिकडे उन्हाळा असला तरी आण. कोपऱ्यावर उभ्या उभ्या बटणं लावता येत नाहीत, मशीनजवळ उजेडात बसावं लागतं. अर्धा तास लागेल. मी काही बोलले नाही तरी चालेल.

तुझी सासू